सम्राट अशोकांचे दान

चंद्रगुप्त मौर्यांचे नातू व बिंदुसारांचे पुत्र अशोक इ. स. पू. 268 च्या सुमारास अभिषिक्त झाले. आठ वर्षांनी त्यांनी कलिंग जिंकले. एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख देशोधडीला लागली. हे आकडे शत्रूने नव्हे, सम्राटांनीच शिळेवर कोरविले. पुढे त्यांनी विहिरी खोदविल्या, माणसांसाठी व जनावरांसाठी औषधोपचार योजिले, बराबर टेकडीतील लेणी आजीविकांना दिली. हे पाठ्यपुस्तकांत येते. विस्तार करीत नाही.

आम्ही थांबतो ते त्यांच्या दानविचारापाशी. आजारपण, विवाह, अपत्यजन्म अशा प्रसंगींचे विधी त्यांनी नवव्या शिलालेखात अल्पफलाचे ठरविले; दास व नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, श्रमण-ब्राह्मणांना दान, यांस खरे मंगल मानले. (या लेखाचा तुकडा सोपारा परिसरात 1956 साली, धम्मदीक्षेच्याच वर्षी, सापडला.) परंतु तेथेच परलोकीच्या अनंत पुण्याची ग्वाहीही आहे. फळाचे आश्वासन त्यांनाही टाळता आले नाही, असे आमचे मत आहे.

अलाहाबादच्या स्तंभावरील राणीचा लेख याहून बोलका आहे. दुसरी राणी, तीवराची माता कारुवाकी, हिने दिलेली आंबराई, उद्यान वा दानगृह तिच्याच नावे गणावे, अशी आज्ञा महामात्रांना आहे. दात्याचे नाव राहावे, ही इच्छा तेव्हाही होती. लवासाच्या उत्तरेस, मावळातील कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटाच्या यवनांसह कितीतरी दात्यांची नावे खांबांवर आहेत. त्यांमुळेच ती माणसे इतिहासाला ठाऊक झाली. म्हणून शाळेच्या नव्या खोल्यांवर देणगीदारांच्या पाट्या लावण्यास आमचा विरोध नाही. राणीच्या लेखात दानाची नोंद आहे, बदल्यात काही देण्याची आज्ञा नाही. देणगीच्या पावतीबरोबर पाल्याचा प्रवेश मागितला जातो, तेव्हा मात्र तो सौदा होतो. ज्या लेकराचे आईबाप ऊसतोडीला गेले आहेत, त्याची जागा त्यात जाते.

इ. स. पू. 232 च्या सुमारास सम्राटांचे निधन झाले. अशोकावदानातील कथा सांगते की अखेरच्या दिवसांत अमात्यांनी राजकोष त्यांच्यासाठी बंद केला. हाती उरलेला अर्धा आवळा त्यांनी कुक्कुटारामात पाठविला. भिक्खूंनी तो वाटून सारात मिसळला, आणि ते सार सर्व संघाला वाढले.