घड्याळाशी शर्यत लावणारा नुर्मी

मैलाच्या शर्यतीत पहिला कोण आला, एवढेच प्रेक्षक पाहतो. चार मिनिटांचा आकडा डोक्यात पक्का असल्याने त्यावरची प्रत्येक वेळ त्याला सामान्य वाटते. धावपटूचा हिशेब निराळा असतो. फिनलंडच्या पावो नुर्मी यांनी २३ ऑगस्ट १९२३ रोजी स्टॉकहोममध्ये ४ मिनिटे १०.४ सेकंदांत मैल पार करून विश्वविक्रम केला. म्हणजे प्रत्येक शंभर मीटर साधारण साडेपंधरा सेकंदांत, तेही सलग सोळा वेळा. धावण्याची सवय नसलेल्याने यातले एकच शंभर मीटर धावून पाहावे!

तुर्कू येथे सुताराच्या घरी १८९७ मध्ये जन्मलेल्या नुर्मींचे पितृछत्र लहानपणीच हरपले. शाळा सुटली आणि चढणीवर मालाच्या हातगाड्या ढकलणे नशिबी आले. पुढे हातात स्टॉपवॉच घेऊनच ते धावू लागले. प्रतिस्पर्धी किती मागे आहे याची त्यांना फिकीर नसे. ठरवलेली वेळ चुकता कामा नये. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्यांनी १५०० आणि ५००० मीटरची सुवर्णपदके एकाच दिवशी जिंकली. एकूण कमाई ९ सुवर्ण, ३ रौप्य.

मैलाचा विक्रम १९३१ मध्ये फ्रान्सच्या ज्यूल लादुमेग यांनी मोडला. त्याहून जिव्हारी लागणारा घाव पुढच्या वर्षी बसला. प्रवासखर्चाच्या नावाखाली पैसे घेतल्याचा ठपका ठेवून नुर्मींना लॉस एंजेलिस ऑलिम्पिकबाहेर ठेवण्यात आले. मॅरेथॉन जिंकून निवृत्त होण्याचे स्वप्न राहूनच गेले.

१९५२ मध्ये हेलसिंकीत, ज्या ऑलिम्पिकमध्ये आपल्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले, तिथे पंचावन्न वर्षांचे नुर्मी मशाल घेऊन धावत आले आणि सारे स्टेडियम उठून उभे राहिले. २ ऑक्टोबर १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.