काचेच्या नळ्यांतून उमटलेला स्वातंत्र्यस्वर : उषा मेहता

सुरतजवळच्या सरस या गावी २५ मार्च १९२० रोजी उषा मेहता यांचा जन्म झाला. वडील ब्रिटिश अमदानीत न्यायाधीश होते. तरीही कन्येचा ओढा बालपणापासूनच गांधीजींकडे राहिला. १९२८ मध्ये सायमन आयोगाविरुद्ध घोषणा देणाऱ्यांत ही आठ वर्षांची मुलगीही होती. वडिलांच्या निवृत्तीनंतर १९३२ मध्ये कुटुंब मुंबईस आले. १९३९ मध्ये विल्सन महाविद्यालयातून तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन त्यांनी कायद्याचे शिक्षण आरंभिले. १९४२ च्या ऑगस्टने ते खंडित केले.

९ ऑगस्टच्या पहाटे काँग्रेसचे बहुतेक नेते गजाआड गेले. वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या. अशा वेळी लोकांपर्यंत पोहोचणारा आवाज हवा, या जाणिवेतून उषाबेन, बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी व चंद्रकांत झवेरी यांनी गुप्त नभोवाणी केंद्राचा ध्यास घेतला. डॉ. राममनोहर लोहिया यांचे मार्गदर्शन लाभले. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवरून काँग्रेस रेडिओचे पहिले प्रक्षेपण झाले.

त्या काळी ट्रान्झिस्टर अवतरला नव्हता. ध्वनिमुद्रिकेवरील सुईपासून प्रक्षेपकाच्या तारेपर्यंत सारा व्यवहार काचेच्या व्हॉल्व्हवर चाले. आतली तार तापली की इलेक्ट्रॉन सुटतात आणि जाळीवरील क्षीण स्पंदन मोठ्या प्रवाहात उमटते. मात्र ही नळी वापराने झिजते आणि बदली नळी निवडताना डोळ्यांवर विसंबून चालत नाही. खालचे खिळे खाचांत नेमके बसले तरी तारेचा दाब वेगळा असला, तर नळी जळते किंवा पुरेशी तापतच नाही. प्रवर्धनाचे प्रमाण जुळले नाही तर स्वर फाटतो. प्रक्षेपकाची नळी पुरेशी समर्थ नसली तर तो दूरवर पोहोचत नाही. युद्धामुळे हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द झाले होते. त्यामुळे असे सुटे भाग मागणे म्हणजे संशय ओढवून घेणे होते. काँग्रेस अधिवेशनांना ध्वनिवर्धक पुरविणाऱ्या शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांच्यावर पुढे साहाय्याचा आरोप ठेवला गेला, पण न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले.

प्रक्षेपणाचा माग काढणाऱ्या पोलिसांना चकविण्यासाठी केंद्राची जागा वरचेवर बदलावी लागे. चौपाटी, लॅबर्नम रोड, वाळकेश्वर, महालक्ष्मी, गिरगाव असा प्रवास घडला. आरंभी हिंदुस्थान हमाराची आणि अखेरीस वंदे मातरमची ध्वनिमुद्रिका वाजे. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, आष्टी-चिमूरमधील अत्याचार अशा दडपलेल्या वार्ता येथून देशभर गेल्या.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी घात झाला. केंद्राशी संबंधित एका तंत्रज्ञाने पोलिसांना माहिती पुरविली होती. दिवसा सहकाऱ्याच्या कचेरीवर धाड पडल्याचे ठाऊक असूनही उषाबेन त्या संध्याकाळी गिरगावच्या पारेखवाडीत प्रक्षेपणास गेल्या. दारे फोडून पोलीस आत शिरले तेव्हा वंदे मातरम सुरू होते. तबकडी थांबविण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही.

सहा महिने चौकशी चालली. सहकाऱ्यांची नावे सांगितल्यास परदेशी शिक्षणाची सोय करण्याचे आमिष दाखविले गेले. उषाबेनांनी मौन सोडले नाही. जिने आवाजासाठी सर्वस्व पणाला लावले, तिचे शस्त्र आता निःशब्दता होते. विशेष न्यायालयाने बाबूभाईंना पाच, उषाबेनांना चार आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा दिली. येरवड्याच्या कारावासात त्यांची प्रकृती ढासळली. १९४६ मध्ये मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या आदेशाने त्यांची सुटका झाली.

त्याच वर्षी १८ जून रोजी डॉ. लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडून गोमंतकाच्या मुक्तिलढ्यास नवे चैतन्य दिले. पुढे १९५५ मध्ये वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेवरील अरण्यातून गोव्यासाठी गुप्त रेडिओ चालविला. मुंबईत तीन महिन्यांपेक्षाही कमी काळ टिकलेल्या त्या आवाजाचे मोल गोमंतकीयांना वेगळे सांगावयास नको.

स्वातंत्र्यानंतर उषाबेनांनी सत्तेचे पद धरले नाही. गांधीविचारांवर डॉक्टरेट मिळवून त्यांनी विल्सन महाविद्यालयात सुमारे ३० वर्षे अध्यापन केले. मुंबई विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाचे प्रमुखपद भूषवून त्या १९८० मध्ये निवृत्त झाल्या आणि मणिभवनाच्या कार्यात रमल्या. खादी आणि साधेपणा अखेरपर्यंत सुटला नाही. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण लाभले. ९ ऑगस्ट २००० रोजी अंगात ताप असताना त्या ऑगस्ट क्रांती मैदानावर हुतात्म्यांना वंदन करण्यास गेल्या. ११ ऑगस्ट रोजी त्यांनी देह ठेवला.