रमाबाई रानडे आणि ससूनमध्ये शिकायला गेलेल्या मुली

१२ मे, म्हणजे जागतिक परिचारिका दिन जवळ आला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हजरत रुफैदा अल-अस्लमिया (रजि.) यांच्यावरचे मेसेज फिरू लागतात. मदिन्यात मस्जिद-ए-नबवीपाशी त्यांचा तंबू होता, खंदकच्या लढाईत जखमी झालेले हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांना उपचारासाठी त्याच तंबूत ठेवलं होतं, हे आता आपल्या शाळकरी मुलांनाही माहीत असतं. अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट आहे. पण तोच मेसेज पुढे पाठवणाऱ्या घरात मुलगी बारावी सायन्सनंतर नर्सिंगला जाते म्हणाली, की सूर बदलतो. नाईट ड्युटी असते, पुरुषांच्या वॉर्डात जावं लागतं, हॉस्टेलला राहावं लागतं, उद्या रिश्ता येईल तेव्हा लोक काय म्हणतील?

आता या प्रश्नात आणखी एक भर पडली आहे. आपल्या शहरात, छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबाद), बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या आणि आयसीयूमध्ये नोकरी करणाऱ्या मुस्लिम मुली आज आहेत. त्यांना पुढे शिकायचंय. अत्यवस्थ रुग्णाला तपासणं, रिपोर्ट वाचणं, व्हेंटिलेटरची सेटिंग सांभाळणं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरलेल्या नियमानुसार उपचार सुरू करणं, एवढं करणाऱ्या नर्सला नर्स प्रॅक्टिशनर म्हणतात. घरचे म्हणतात, शीक ना, पण ऑनलाइन शीक, घरात बसून. हा वाद ऐकला की आम्हाला शंभर वर्षांपूर्वीच्या पुण्यातल्या एका बाई आठवतात. त्यांच्यासमोर हाच प्रश्न होता. फरक इतकाच की तेव्हा अडून बसलेली घरं पुण्यातल्या ब्राह्मणांची होती.

रमाबाई रानडे हे नाव घराघरात पोहोचलं ते २०१२ मध्ये झी मराठीवर लागलेल्या ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे. आपल्याकडच्या बऱ्याच घरांतही ती आवडीने पाहिली गेली. नवऱ्याकडून शिकणारी लहानशी यमुना सगळ्यांना ठाऊक आहे. त्या यमुनेने पुढे नर्स घडवल्या, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

त्यांचा जन्म १८६२ चा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. माहेरचं आडनाव कुर्लेकर. मुलीला अक्षर शिकवायचं नाही, अशी त्या घरची रीत होती. १८७३ च्या अखेरीस, अकराव्या वर्षी त्यांचं लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. रानडे तेव्हा तिशी ओलांडलेले, विधुर आणि विधवाविवाहाचे मोठे पुरस्कर्ते. पहिली बायको वारल्यावर ते स्वतः एखाद्या विधवेशी लग्न करतील असं त्यांच्या मित्रांना वाटत होतं. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि अकरा वर्षांची मुलगी घरात आली. यावरून लोकांनी त्यांना खूप बोल लावले आणि ते बोल काही अगदी चुकीचे नव्हते. पण त्या मुलीला शिकवायला त्यांनी लगेच सुरुवात केली, तीही घरातल्या सगळ्या बायकांचा विरोध पत्करून.

मोठं एकत्र कुटुंब, सासुरवाडीच्या नात्यातल्या वयस्क बायका, आणि त्यात ही पोरगी पाटी घेऊन बसते! टोमणे, अबोला, कामाचा डोंगर, सगळं झालं. पुढे एक मिशनरी बाई इंग्रजी शिकवायला येऊ लागल्या तेव्हा तर शिकवणी संपल्यावर आंघोळ केल्याशिवाय रमाबाईंना घरात वावरू देईनात. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल व्हावं म्हणून गव्हर्नरसमोर रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचलं. बाहेर टाळ्या पडल्या आणि घरी बोलणी बसली. ती शाळा मात्र झाली. आज तिला हुजूरपागा म्हणतात.

मुंबईत रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, तेव्हा रमाबाईंनी तिथे बायकांसाठी वर्ग चालवले, भाषा, शिवणकाम, सामान्य ज्ञान वगैरे. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती गेले. रमाबाई एकोणचाळिशीच्या आत विधवा झाल्या. मूल नव्हतं. त्या पुण्याला परतल्या आणि जवळजवळ वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. १९१० साली त्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक आलं. मराठी आत्मचरित्रांत त्याचं स्थान मोठं आहे, पण ते पतीच्या निधनापाशी थांबतं. ज्या कामाबद्दल आम्हाला सांगायचंय ते त्याच्या पुढचं.

त्याआधी पुण्याने एक भयंकर काळ पाहिला होता. १८९६-९७ ची प्लेगची साथ. घरोघरी तपासणीसाठी गोरे सोल्जर शिरत होते, आणि पडद्यातल्या बायकांना परके पुरुष तपासणार यावरून हिंदू काय, मुसलमान काय, सगळ्यांच्या घरात संताप होता. प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली ती याच रागातून, २२ जून १८९७ ला. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. या सगळ्यात एक साधी गोष्ट उघडी पडली होती. बायकांना हात लावायला, त्यांची सुश्रूषा करायला शिकलेल्या बायका हव्यात, आणि त्या आपल्याकडे नाहीत. आजही आपल्या अम्मीला, खालाला दवाखान्यात नेलं की आपण पहिल्यांदा विचारतो, लेडीज नर्स आहे ना? ती नर्स कुणाच्या घरातून यायची, हा प्रश्न आपण विचारत नाही.

१९०८ साली पारशी सुधारक बेहरामजी मलबारी आणि सिंधचे दयाराम गिडुमल यांनी रमाबाईंना गाठलं. स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेली सेवेची संस्था काढायची होती. मुंबईत सेवासदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी, १९०९ मध्ये, पुण्यात. पुण्यातलं सेवासदन रमाबाईंनी स्वतःच्या वाड्यात भरवलं. गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे जोडीदार. शिक्षिका तयार करण्याचे वर्ग झाले, शिवणाचे झाले, त्यावर लोकांनी फारशी कुरकुर केली नाही. मुलगी शिक्षिका झाली तर चालतं, हे तेव्हाही होतं.

खरी कसोटी लागली ती ससून हॉस्पिटलात मुली पाठवायचं ठरलं तेव्हा. ससून हे मूळचे बगदादचे ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं सरकारी इस्पितळ. तिथे नर्सचं काम शिकायचं म्हणजे कुठल्याही जातीच्या, कुठल्याही धर्माच्या रुग्णाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, रात्री जागायचं, पुरुष डॉक्टरांचं ऐकायचं. रमाबाईंनी यासाठी ज्यांना उभं केलं त्यांत तरुण विधवा होत्या. केशवपन केलेल्या, तांबडं आलवण नेसणाऱ्या, घरच्यांनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ढकललेल्या मुली. ज्यांनी त्यांना कधी पोटभर विचारलं नव्हतं, तेच लोक आता त्यांच्या अब्रूची काळजी करू लागले. हे ओळखीचं वाटतं ना?

रमाबाईंनी यावर काय केलं ते नीट पाहिलं पाहिजे. वाड्यात बसवून पुस्तकातून सुश्रूषा शिकवणं सोपं होतं, लोकही गप्प बसले असते. ते त्यांनी केलं नाही, कारण रुग्णाशिवाय नर्स तयार होत नाही. मुली ससूनमध्येच गेल्या. पण त्यांना एकटं सोडलं नाही. शिकणाऱ्या मुलींसाठी सेवासदनाने वसतिगृहं काढली, आणि त्यांतली दोन खास वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या आणि नर्सचं काम शिकणाऱ्या मुलींसाठी होती. मुलगी कुठे राहते, कुणाच्या देखरेखीखाली राहते, याची जबाबदारी रमाबाईंनी, म्हणजे न्यायमूर्तींच्या विधवेने, स्वतःच्या नावावर घेतली. आमच्या मते या सगळ्या कामात सर्वांत मोठं पाऊल हेच होतं. भाषणं पुष्कळ लोक देत होते.

एका वार्षिक समारंभाची गोष्ट सांगितली जाते. सभागृह भरलेलं, बक्षिसं वाटली जात होती. नर्सचा अभ्यास करणाऱ्या एका विधवेचं नाव पुकारलं गेलं. डोक्याचं मुंडण, अंगावर आलवण, अशी ती व्यासपीठावर आली आणि गॅलरीत बसलेल्या कॉलेजच्या पोरांनी हुर्यो उडवली, हसली, ओरडली. शेवटी रमाबाई बोलायला उभ्या राहिल्या, आणि एरवी शांत असणाऱ्या या बाईंनी त्या शिकलेल्या पोरांना सगळ्यांसमोर खडसावलं. आपल्याच समाजाच्या रूढीने जिला हे रूप दिलं तिच्यावर हसता आणि स्वतःला सुशिक्षित म्हणवता, असा त्या बोलण्याचा रोख होता. सभागृह चिडीचूप झालं. त्यानंतर नर्सिंगच्या वर्गाला पुण्यात तसा उघड विरोध राहिला नाही असं म्हणतात.

आता थोडं आजचं. परदेशी विद्यापीठांच्या जाहिराती मोबाइलवर दिसतात, तिकडे या पदव्युत्तर शिक्षणाचा वर्गातला भाग ऑनलाइन होतो हे खरं आहे. पण रुग्णासोबतचे शेकडो तास प्रत्यक्ष हॉस्पिटलातच, अनुभवी मार्गदर्शकाच्या हाताखाली पूर्ण करावे लागतात. शिवाय अमेरिकेतले असे कोर्स साधारणपणे तिथलं नर्सिंग लायसन्स आधी मागतात. आपल्या देशात भारतीय परिचर्या परिषदेने ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स आणला आहे. बी.एस्सी. नर्सिंग आणि क्रिटिकल केअरचा अनुभव असलेल्या मुलींसाठी तो आहे, आणि त्याची पद्धतच रेसिडेन्सीची, म्हणजे वॉर्डात काम करता करता शिकण्याची. थिअरी थोडी, आयसीयू जास्त. घटत्या ऑक्सिजनचा रुग्ण लॅपटॉपवर सांभाळता येत नाही. तेव्हा कुणी पूर्ण घरबसल्या क्रिटिकल केअरची पदवी देतो म्हणाला, तर पैसे भरण्याआधी परिषदेची मान्यता आहे का, आणि प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलात होणार, एवढे दोन प्रश्न विचारा. जे घरचे ऑनलाइनचा आग्रह धरतात त्यांची काळजी आम्ही खोटी म्हणत नाही. रात्री ड्युटी संपल्यावर मुलगी किराडपुऱ्यात किंवा रोशन गेटला कशी पोहोचेल, हा प्रश्न खराच आहे. पण त्याचं उत्तर वसतिगृहात आणि गाडीच्या सोयीत आहे. घाटीच्या किंवा कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या जवळ नर्सिंगच्या मुलींसाठी भरवशाचं हॉस्टेल चालवायला आपल्या किती जमाती, किती ट्रस्ट पुढे येतील? लग्नाचे हॉल बांधायला आपण कमी पडलेलो नाही.

रमाबाईंकडे परत येऊ. मुलींना कामाला लावून त्या स्वतः बाजूला झाल्या नाहीत. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन स्त्री कैद्यांशी बोलायच्या, वेड्यांच्या इस्पितळात जायच्या, आषाढी-कार्तिकीला आळंदीत सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन यात्रेकरूंच्या मदतीला उभ्या राहायच्या. धार्मिक वृत्तीच्या बाई होत्या, साधं राहायच्या. धर्म सोडून सुधारणा करावी असं त्यांना कधी वाटलं नाही, म्हणूनही कदाचित सनातनी घरांनी आपल्या मुली त्यांच्या हवाली केल्या. सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. शेवटच्या वर्षांत त्या मुंबई इलाख्यातल्या स्त्रियांच्या मताधिकारासाठी आणि पुण्यात मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी लढल्या. त्यात त्यांना पुण्यातल्याच बड्या पुढाऱ्यांचा विरोध झाला, पण ती कहाणी वेगळी आहे.

१९२४ साली त्या वारल्या. पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या वाड्यात सुरू झालेली संस्था तोवर मोठी झाली होती, आणि ससूनमध्ये शिकून बाहेर पडलेल्या मुली स्वतःच्या पगारावर जगत होत्या. १९६२ मध्ये, जन्मशताब्दीनिमित्त, भारतीय टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. पुण्यात लक्ष्मी रोडवरून जाल तर सेवासदनाची पाटी आजही दिसेल.