न्या. पाल यांचा अर्धाच वाचलेला निकाल

२२ ऑगस्ट २००७ रोजी जपानचे तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे यांनी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात केलेल्या भाषणात न्या. राधाविनोद पाल यांचे नाव आदराने घेतले. पुढे कोलकात्यात जाऊन ते पाल यांच्या पुत्रालाही भेटले. टोकियोतील यासुकुनी मंदिराच्या आवारात २००५ पासून पाल यांचे स्मारक उभे आहे. एका भारतीय न्यायाधीशाला परदेशात मिळणाऱ्या या मानाचा आपल्याला अभिमान वाटतो. मात्र पाल यांनी नेमके काय लिहिले, हा प्रश्न या गौरवात बहुधा बाजूला राहतो.

पाल यांचा जन्म २७ जानेवारी १८८६ रोजी तेव्हाच्या नदिया जिल्ह्यातील, आज बांगलादेशात असलेल्या खेड्यात झाला. घरची गरिबी आणि लहानपणीच हरपलेले पितृछत्र यांवर मात करून ते गणिताचे पदवीधर झाले. अलाहाबादच्या महालेखापाल कार्यालयात त्यांनी नोकरी केली, नंतर मैमनसिंगच्या महाविद्यालयात गणित शिकवले. कायद्याकडे ते उशिरा वळले, पण १९२४ मध्ये त्याच विषयात डॉक्टरेट मिळवली. प्राप्तिकराच्या प्रश्नांवर सरकारचे कायदा सल्लागार, कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि १९४४ ते १९४६ या काळात कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू अशी त्यांची कारकीर्द आहे.

जपानी नेत्यांवरील खटल्यासाठी नेमलेल्या टोकियो न्यायाधिकरणात आरंभी भारताला जागा नव्हती. भारतीय प्रतिनिधींनी आग्रह धरल्यानंतर एप्रिल १९४६ मध्ये सनदेत दुरुस्ती झाली आणि न्यायाधीशांची संख्या नऊवरून अकरा झाली. मे महिन्यात कामकाज सुरू झाल्यानंतर काही दिवसांनी पाल टोकियोत पोहोचले. पत्नीच्या आजारपणामुळे त्यांना मधूनमधून मायदेशी परतावे लागले. तरीही कागदपत्रांचा त्यांच्याइतका बारकाईने अभ्यास करणारे त्या आसनावर थोडेच होते.

खटल्यातील सर्वांत काळा अध्याय नानकिंगचा होता. १३ डिसेंबर १९३७ रोजी जपानी फौजा चीनच्या या तत्कालीन राजधानीत शिरल्या. चिनी सेनापती तांग शंगझी आदल्याच रात्री शहर सोडून गेले होते. मागे राहिलेल्या अनेक सैनिकांनी गणवेश टाकून परकीय रहिवाशांनी आखलेल्या सुरक्षित क्षेत्रात आसरा घेतला होता. शहरात सैनिक लपले आहेत, हे कारण पुढे करून जपानी तुकड्यांनी तरुणांना वेचून बाहेर नेले. त्यामुळे त्या दिवसांत नानकिंगमध्ये चिनी सैन्य उरले होते काय, आणि उरले असल्यास ते कोणत्या अवस्थेत होते, हे न्यायाधिकरणाला ठरवावे लागले. बहुमताच्या निकालानुसार शहरातील प्रतिकार थांबलेला होता आणि गणवेश टाकलेल्या सैनिकांचा शोध हे निव्वळ निमित्त होते. या निमित्ताने लष्करी वयाचे वीस हजारांवर पुरुष मारले गेले. शरण आलेल्या तीस हजारांहून अधिक सैनिकांना यांगत्सेच्या काठी ठार करण्यात आले, आणि पहिल्या सहा आठवड्यांतील एकूण बळींचा आकडा दोन लाखांवर गेला, असा निष्कर्ष निघाला.

पाल यांनी या पुराव्यातील काही भाग अतिरंजित मानला. मात्र नागरिकांवर आणि युद्धकैद्यांवर जपानी सैन्याने अत्याचार केले, याचा पुरावा भक्कम आहे, हे त्यांनी स्पष्टपणे नोंदवले. त्यांचा मतभेद जबाबदारीच्या प्रश्नावर होता. सेनापती इवाने मात्सुई यांनी शिस्तीचे आदेश दिले होते, त्यांच्या गुन्हेगारी दुर्लक्षाचा पुरावा नाही, म्हणून ते दोषी ठरत नाहीत, असे पाल यांचे मत पडले. बहुमताच्या दृष्टीने मात्सुईंना सारे ठाऊक होते आणि परिणामशून्य आदेशांपलीकडे त्यांनी काही केले नाही. २३ डिसेंबर १९४८ रोजी फाशी गेलेल्या सात जणांत मात्सुई होते.

पाल यांनी सर्वच आरोपींना निर्दोष ठरवले. आक्रमक युद्ध हा गुन्हा युद्धानंतर घडवलेल्या कायद्याने मागे लावता येत नाही, कटाचा आरोप सिद्ध झालेला नाही, आणि जेत्यांनी पराभूतांचा न्याय करणे हा न्याय नव्हे, ही त्यांची भूमिका होती. वसाहती बाळगणाऱ्या सत्तांना त्यांनी आरसाही दाखवला. बाराशेहून अधिक पानांचे हे मतपत्र न्यायालयात वाचले गेले नाही. नेहरू सरकारनेही त्यापासून स्वतःला दूर ठेवले.

पुढची कथा अधिक बोलकी आहे. अमेरिकी ताबा संपताच १९५२ मध्ये मासाआकी तानाका यांनी या निकालाच्या आधारे जपान निर्दोष असल्याचे पुस्तक काढले. तानाका हे पूर्वी मात्सुईंचे सचिव होते. त्यांनीच संपादित केलेल्या मात्सुईंच्या रोजनिशीत शेकडो ठिकाणी फेरफार झाल्याचे १९८५ मध्ये उघड झाले.

पाल नंतर संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाचे सदस्य आणि दोनदा अध्यक्ष झाले. १९५९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९६६ मध्ये जपानने त्यांचा सन्मान केला आणि १० जानेवारी १९६७ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले. आपल्या निकालाच्या जपानमधील वापराला त्यांनी वेळीच लगाम घालायला हवा होता, हा आक्षेप त्यांच्याबाबतीत उरतोच. पण निकालातील भेद स्वच्छ आहे. आरोपी सुटला म्हणून कृत्य नाहीसे होत नाही. पाल यांचा गौरव करताना नानकिंगवरील त्यांची कबुली वगळली, तर तो त्यांच्या न्यायबुद्धीचाच अवमान ठरतो.