शेठ प्रेमचंद रायचंद : राखले ते गेले, दिले ते राहिले

मुंबई शहराच्या जडणघडणीचा इतिहास सांगताना गव्हर्नर, इंजिनिअर व गोरे अधिकारी यांची नावे प्रथम घेतली जातात. ते योग्यही आहे. परंतु किल्ल्याची तटबंदी पाडून, समुद्र मागे सारून आणि माळरानावर भव्य इमारती उभ्या करून आजची मुंबई घडविण्याचा संकल्प ज्या काळात झाला, त्या काळातील पैशाचा मोठा ओघ येथील व्यापाऱ्यांच्या पेढ्यांतून वाहत होता. त्या व्यापाऱ्यांत अग्रभागी होते सुरतेत जन्मलेले एक जैन गृहस्थ, शेठ प्रेमचंद रायचंद. त्यांचे चरित्र हे वैभवाचे चरित्र आहे, तसेच ते विनाशाचेही आहे. म्हणूनच ते केवळ अभिमानाने वाचण्याचे नसून विचारपूर्वक वाचण्याचे आहे.

सुरतेहून मुंबईस

प्रेमचंदजींचा जन्म सन १८३१ मध्ये सुरत येथे झाला. वडील रायचंद दीपचंद हे सामान्य स्थितीतील व्यापारी होते. एकेकाळी जगभरची जहाजे ज्या सुरतेच्या बंदरात येत, त्या सुरतेचे वैभव तोवर ओसरले होते आणि व्यापार मुंबईकडे सरकला होता. त्या प्रवाहाबरोबर अनेक गुजराती व जैन कुटुंबे मुंबईत आली, त्यांपैकीच हे एक. बाल प्रेमचंद यांनी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिक्षण घेतले. आज हे वाक्य साधे वाटते, परंतु त्या काळी दलालीच्या धंद्यात इंग्रजी लिहिता-वाचता येणारा देशी माणूस दुर्मिळ होता. एका नामांकित दलालाच्या हाताखाली उमेदवारी करताना इंग्रज बँकर व व्यापाऱ्यांशी थेट बोलण्याची, करारातील कलमे स्वतः वाचण्याची ही क्षमता त्यांच्या फार उपयोगी पडली. तीव्र स्मरणशक्ती, गोड वाणी आणि क्षणात निर्णय घेण्याची हिंमत या गुणांच्या बळावर ऐन पंचविशीत त्यांची गणना मोठ्या दलालांत होऊ लागली.

त्या वेळी मुंबईत शेअरचे दलाल बोटांवर मोजण्याइतके होते. टाऊन हॉलसमोरील वडाच्या झाडाखाली उभे राहून ते सौदे करीत. त्यांना ना इमारत होती, ना नियम. शब्द हाच दस्तऐवज होता.

अपुरे पडू लागलेले शहर

मुंबई तेव्हा झपाट्याने वाढत होती. सन १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली. सन १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. पण शहराचे शरीर जुनेच होते. किल्ल्याच्या तटबंदीआड पेढ्या, गोदामे व घरे दाटीने कोंबलेली होती. कापसाच्या गाठी कुलाब्याला उतरत, पण मोठ्या जहाजांसाठी बंदिस्त गोदी नव्हती. पश्चिमेकडील बॅक बेचा किनारा अस्वच्छतेसाठी कुप्रसिद्ध होता. जमीन थोडी आणि माणसे फार, हीच या बेटाची मूळ अडचण होती.

सन १८६२ मध्ये सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर म्हणून आले. त्यांनी तटबंदी पाडण्याचे काम हाती घेतले. मोकळ्या झालेल्या जागेवर रुंद रस्ते, मैदाने व सरकारी इमारती यांची आखणी झाली. शहर मोठे करण्याची इच्छा राज्यकर्त्यांना होती, आणि नेमक्या त्याच वेळी शहरात न भूतो असा पैसा आला.

कापसाचे सोने

सन १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस बंद पडला. लँकेशायरची नजर हिंदुस्थानकडे वळली. गुजरात, खानदेश, वऱ्हाड येथील कापसाला कधी स्वप्नातही न पाहिलेला भाव मिळू लागला. लोकांनी गाद्या उसवून त्यांतील कापूसही विकला, असे त्या काळाविषयी सांगतात. युद्धाच्या त्या चार-पाच वर्षांत मुंबईत नेहमीपेक्षा सात-आठ कोटी पौंड अधिक आले, असा अंदाज सांगितला जातो.

प्रेमचंदजी या व्यापाराच्या केंद्रस्थानी होते. लिव्हरपूलचा भाव जो आधी जाणेल तो जिंकेल, हे त्यांनी ओळखले होते. युरोपशी तारेचा संबंध अद्याप जुळलेला नव्हता, बातमी बोटीने येई. बोट बंदराला लागण्यापूर्वीच स्वतःची होडी समुद्रात पाठवून ते बातमी मिळवीत, अशी आख्यायिका आहे. गावोगावी त्यांचे आडते होते. बँकांच्या साहेबांपासून गव्हर्नरच्या दरबारापर्यंत त्यांच्या शब्दाला वजन होते. एखाद्या नव्या कंपनीच्या यादीत त्यांचे नाव असणे हीच त्या कंपनीची पत ठरू लागली.

समुद्र मागे सारण्याचा संकल्प

हातात आलेला पैसा गुंतवायचा कोठे, हा प्रश्न होता. उत्तर शहराच्या गरजेतच होते. जमीन नाही, तर ती समुद्रातून काढावी. यातूनच भरावाच्या कंपन्या निघाल्या. एल्फिन्स्टन कंपनीने पूर्व किनारा हाती घेतला. पश्चिमेकडील बॅक बेसाठी जी कंपनी निघाली, तिचे प्रमुख सूत्रधार प्रेमचंदजी होते. कल्पना चुकीची नव्हती. रेल्वेला किनाऱ्यालगत जागा हवी होती, वाढत्या वस्तीला हवेशीर भूभाग हवा होता आणि अस्वच्छ किनाऱ्याची सुधारणाही व्हायला हवी होती.

चूक झाली ती हिशोबात. समुद्रात पुरेसा दगड पडण्यापूर्वीच शेअरचा भाव आकाशाला भिडला. पाच हजार रुपये भरणा झालेला बॅक बेचा शेअर पन्नास हजारांवर गेला. बँका शेअरच्या तारणावर कर्ज देत, त्या कर्जातून पुन्हा शेअर घेतले जात, भाव चढे, आणि चढलेल्या भावावर आणखी कर्ज मिळे. कर्जाचा आधार भाव आणि भावाचा आधार कर्ज, असे हे चक्र होते. जमीन मात्र अजून पाण्याखालीच होती. शेटजी, कारकून, वकील, डॉक्टर, देशी व गोरे, सर्वच या शेअर सट्ट्यात उतरले. जो दूर राहिला तो मूर्ख ठरू लागला.

भरतीनंतरची ओहोटी

सन १८६५ च्या एप्रिलमध्ये जनरल ली शरण आल्याने अमेरिकन युद्ध व्यवहारतः संपले. ती बातमी मुंबईस पोहोचताच कापूस कोसळला आणि त्याच्या मागोमाग सारे काही कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्याच्या सौद्यांच्या पूर्ततेचा दिवस होता. त्या दिवशी देणे देऊ शकणारे फारच थोडे उरले. पन्नास हजारांवर गेलेला बॅक बेचा शेअर दोन हजारांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७ रुपयांना विकला गेला.

येथे प्रेमचंदजींच्या गुणगौरवात एक कटू गोष्ट नमूद करणे भाग आहे. बँक ऑफ बॉम्बेच्या कारभारावर त्यांचा फार मोठा प्रभाव होता आणि पुरेशा तारणाशिवाय दिल्या गेलेल्या अनेक कर्जांमागे तो प्रभाव होता. सरकारचेही भांडवल असलेली ही बँक अखेर बुडाली. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि बँकेच्या अधिकाऱ्यांबरोबर प्रेमचंदजींच्या व्यवहारांचीही चिकित्सा झाली. विश्वासाने ठेवलेला कित्येकांचा पैसा गेला. मुंबईची लोकसंख्या सन १८६४ च्या गणनेत ८,१६,५६२ होती, ती सन १८७२ मध्ये ६,४४,४०५ वर आली. पोटासाठी या शहरात आलेली लक्षावधी माणसे परत गेली. त्या सर्व दुःखाला एकच माणूस जबाबदार नव्हता. ते वारे साऱ्या शहराच्या अंगात होते. परंतु ज्याच्या शब्दावर लोक चालतात, त्याची जबाबदारीही इतरांपेक्षा अधिक असते, हे विसरता येत नाही.

स्वतः प्रेमचंदजींचेही सर्वस्व गेले. मालमत्ता घेणेकऱ्यांसाठी विश्वस्तांच्या हवाली करावी लागली. वयाची पस्तिशी उलटताना मुंबईचा हा अनभिषिक्त राजा रिक्तहस्त झाला होता.

जे बुडाले नाही

तथापि, एक गोष्ट या प्रलयातून सुटली. भरभराटीच्या ऐन काळात, सन १८६४ मध्ये, प्रेमचंदजींनी अवघ्या सात वर्षांच्या मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि त्याच वर्षी घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आपल्या मातोश्री राजाबाई यांचे नाव द्यावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. सन १८६६ मध्ये कलकत्ता विद्यापीठासही त्यांनी दोन लाख रुपये दिले. त्यातून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली आणि पुढे बंगालमधील अनेक थोर विद्वानांनी ती मिळविली. अहमदाबादचे शिक्षकांचे ट्रेनिंग कॉलेज, कन्याशाळा, धर्मशाळा अशा अनेक कामांस त्यांचा हात लागला.

मनोऱ्याचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या प्रख्यात इंग्रज वास्तुविशारदाने केला. ते स्वतः हिंदुस्थानात कधीही आले नाहीत, आराखडे लंडनहून आले. १ मार्च १८६९ रोजी पायाभरणी झाली, तेव्हा देणगीदाराचे वैभव लयाला गेले होते. तरीही काम चालू राहिले. कुर्ल्याच्या पिवळसर दगडात, रंगीत काचांच्या खिडक्यांनी नटलेली ही २८० फूट उंचीची वास्तू नोव्हेंबर १८७८ मध्ये पूर्ण झाली. एकूण खर्च सुमारे साडेपाच लाख रुपये आला. तेव्हा साऱ्या मुंबईत एवढी उंच इमारत दुसरी नव्हती.

या मनोऱ्याविषयी आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या एक कथा सांगितली जाते. राजाबाई या धर्मनिष्ठ श्राविका. सूर्यास्तापूर्वी भोजन हा त्यांचा नियम. वृद्धपणी दृष्टी गेल्यावर दिवस किती उरला हे त्यांना कळेना. घड्याळाच्या टोल्यांवरून, कोणाला न विचारता, आईला वेळ कळावी म्हणून पुत्राने मनोरा उभारला. कागदोपत्री याला आधार असो वा नसो, लोकांनी ही कथा जपली यातच तिचे मर्म आहे. एका घरातील व्रताचे घड्याळ साऱ्या नगरीचे घड्याळ झाले. हातात घड्याळ नसलेल्या गिरणी कामगाराला, विद्यार्थ्याला, हमालालाही त्याने वेळ सांगितली.

पुन्हा उभारणी आणि अखेर

प्रेमचंदजी खचले नाहीत. ज्या दलालीपासून त्यांनी सुरुवात केली, तिच्याकडेच ते परतले आणि हळूहळू पुन्हा प्रतिष्ठा मिळविली. सन १८७५ च्या जुलै महिन्यात मुंबईतील ३१८ दलालांनी एक रुपया प्रवेश फी भरून आपली संस्था स्थापन केली. तीच आजच्या मुंबई शेअर बाजाराची जननी होय. तिच्या संस्थापकांत प्रेमचंदजींचे नाव आदराने घेतले जाते. वडाच्या झाडाखालील तोंडी सौद्यांना नियमांची चौकट हवी, हे सन १८६५ च्या आपत्तीने सर्वांनाच शिकविले होते. पूर्वीचे अफाट ऐश्वर्य मात्र परत आले नाही. ३१ ऑगस्ट १९०६ रोजी, पंचाहत्तराव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

हिशोबाची शिल्लक

आज मागे वळून पाहता काय दिसते? बॅक बेची कंपनी बुडाली, परंतु तिने भरलेली किनारपट्टी वाया गेली नाही. चर्चगेटहून कुलाब्याकडे जाणारी रेल्वे त्याच पट्टीवरून धावली. सन १९२० नंतर बॅक बेच्या भरावाचे काम पुन्हा हाती घेतले गेले आणि मरीन ड्राइव्ह त्यातूनच साकारला. पूर्व किनाऱ्याची एल्फिन्स्टन कंपनी सन १८७० मध्ये सरकारने विकत घेतली आणि सन १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. म्हणजे संकल्प खरा होता. त्याला हवी होती ती सचोटीची भांडवलउभारणी, धीर आणि सार्वजनिक देखरेख. खाजगी लोभाने जे एका वर्षात साधू पाहिले, ते सार्वजनिक संस्थांनी पन्नास-साठ वर्षांत संथपणे साधले.

प्रेमचंदजींच्या जमाखर्चाची वही उघडली तर असे दिसते की, जे त्यांनी स्वतःजवळ राखले ते सर्व गेले, आणि जे देऊन टाकले तेवढेच राहिले. सन २०१५ मध्ये राजाबाई टॉवरचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. सन २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या वास्तुसमूहाबरोबर त्याचाही जागतिक वारशात समावेश झाला. ग्रंथालय अभ्यासकांसाठी आहे, शिष्यवृत्तीचे नाव विद्वानांच्या परिचयात आहे. पन्नास हजारांचा तो शेअर मात्र कोणाच्या तिजोरीत नाही.

परिग्रहाला मर्यादा असावी आणि अर्जित धनाचा अंश समाजाच्या कामी यावा, ही शिकवण आपण प्रवचनांत नेहमी ऐकतो. शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या जीवनात तिची दोन्ही अंगे दिसतात. मर्यादा सुटली तेथे घराबरोबर शहरही पोळले. दान झाले तेथे दात्याच्या पश्चात शतकाहून अधिक काळ शहराला आधार मिळाला. शाळा, दवाखाना, धर्मशाळा वा पाणपोई उभारणाऱ्या प्रत्येक संस्थेने आणि विश्वस्ताने हा जमाखर्च ध्यानी ठेवावा. लोकांनी विश्वासाने सोपविलेला पैसा तारणाशिवाय कोठेही जाऊ नये, आणि देण्याचे मनात आले असेल तर ते वैभव असतानाच द्यावे. या थोर, चुकलेल्या आणि तरीही दानशूर पूर्वजास विनम्र अभिवादन.