छोट्या धंदेवाल्यासाठी इंजिन बनवायला निघालेला डिझेल स्वतःच कर्जात बुडाला होता

घरात पिकअप घ्यायचा विषय निघाला की चर्चा ठरलेली असते. लोड किती भरायचा, रोजचं रनिंग किती, रस्त्यात घाट लागतो का, हप्ता किती बसणार. आणि मग सगळ्यात मोठा प्रश्न, डिझेल घ्यायची की सीएनजी? हल्ली त्यात इलेक्ट्रिकचीही भर पडली आहे.

या चर्चेत दर दोन वाक्यांमागे एका माणसाचं नाव घेतलं जातं. पण ते माणसाचं नाव आहे हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

रुडॉल्फ डिझेल.

पेट्रोल, रॉकेल, वंगण ही तेलांची नावं आहेत, तसंच डिझेल हेही तेलाचं नाव असणार असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आधी माणूस आला, मग त्याचं इंजिन आलं आणि त्या इंजिनात जे तेल चालतं त्याला त्याचं नाव पडलं. आणि गंमत म्हणजे हे इंजिन त्याने ज्यांच्यासाठी बनवायला घेतलं होतं, ते लोक म्हणजे आज पिकअपच्या शोरूममध्ये हिशोब मांडत बसलेली मंडळीच. छोटे धंदेवाले.

तर झालं असं की...

हातगाडी ढकलणारा पोरगा

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील मात्र जर्मन. वडील थिओडोर मूळचे आउग्सबुर्ग शहराचे. पुस्तकबांधणी आणि चामड्याच्या वस्तू बनवायचा त्यांचा छोटा कारखाना होता. तयार झालेला माल हातगाडीवर टाकून गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचं काम लहानग्या रुडॉल्फकडे असायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर घरच्या धंद्याची डिलिव्हरी तोच करायचा.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं. पॅरिसमधल्या जर्मन लोकांना शहर सोडावं लागलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथे हाताला काम मिळेना. शेवटी बारा वर्षांच्या रुडॉल्फला आउग्सबुर्गला काकांकडे पाठवण्यात आलं. काका क्रिस्टोफ बार्निकेल गणित शिकवायचे. त्यांच्याकडे राहून पोरगा शिकला, वर्गात पहिला आला आणि १८७५ मध्ये त्याला म्युनिकच्या पॉलिटेक्निकची शिष्यवृत्ती मिळाली.

घरच्यांना हे पसंत नव्हतं. पोराने आता कमवायला लागावं असं त्यांचं मत होतं. रुडॉल्फ ऐकला नाही.

कोळशातली नव्वद टक्के ताकद वाया

म्युनिकला त्याला कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक भेटले. बर्फ बनवण्याच्या आणि थंडावा तयार करण्याच्या यंत्रांमधलं हे फार मोठं नाव. उष्णतेपासून काम कसं करून घ्यायचं, हे लिंडे शिकवायचे.

तो जमाना वाफेच्या इंजिनांचा होता. कारखाने, रेल्वे, जहाजं सगळं वाफेवर. पण कोळशात जेवढी ऊर्जा असते, त्यातली साधारण दहा टक्के किंवा त्याहूनही कमी प्रत्यक्ष कामी यायची. बाकीची धुरातून आणि उष्णतेतून उडून जायची. रुपयाचा कोळसा जाळायचा आणि दहा पैशांचं काम मिळवायचं, असा सगळा मामला.

हे गणित रुडॉल्फच्या डोक्यात घुसलं ते कायमचंच.

दुसरी गोष्टही त्याला खटकत होती. वाफेचं इंजिन परवडायचं ते मोठ्या कारखानदाराला. बॉयलर, चिमणी, कोळशाचा साठा, वर राबायला माणसं. विणकर, सुतार, बाइंडर असल्या छोट्या कारागिराला ते झेपणारं नव्हतं. त्यामुळे मोठे आणखी मोठे होत होते आणि छोटे बुडत होते. एका बाइंडरच्याच पोराला हे वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. छोट्या माणसाला परवडेल असं, कमी तेलात जास्त काम करणारं इंजिन बनवायचं, असं त्याने डोक्यात घेतलं.

१८७९ मध्ये ऐन परीक्षेच्या वेळी त्याला टायफॉइड झाला. मधल्या काळात त्याने स्वित्झर्लंडमध्ये सुल्झर कंपनीत कामाचा अनुभव घेतला, १८८० च्या सुरुवातीला परीक्षा दिली आणि उत्तम गुणांनी पास झाला. मग लिंडे यांच्याच कंपनीत पॅरिसला नोकरी लागली. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे हिच्याशी लग्न झालं, पुढे तीन मुलं झाली. नोकरी चांगली होती. पण इंजिनाचं वेड काही सुटलं नाही.

सायकलचा पंप आणि डिझेलचं इंजिन

त्याची आयडिया समजून घ्यायला सायकलचा पंप आठवा. जोरजोरात हवा भरली की पंपाचं खालचं टोक गरम होतं. हवा दाबली की तापते, साधी गोष्ट.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण दाबतात आणि स्पार्क प्लगची ठिणगी देऊन पेटवतात. मिश्रण फार दाबलं तर ते आपोआप, चुकीच्या वेळी पेटतं. म्हणून तिथे दाबाला मर्यादा येते. डिझेलने ठरवलं की सिलेंडरमध्ये आधी फक्त हवाच घ्यायची. ती इतकी दाबायची की प्रचंड तापेल. मग त्या तापलेल्या हवेत तेल सोडायचं, ते आपलं आपण पेटेल. ठिणगीची भानगडच नको.

जितका दाब जास्त, तितकं त्याच तेलातून जास्त काम निघतं. डिझेल गाडी लिटरमागे जास्त पळते त्यामागे हे एक मोठं कारण आहे. आणि एवढा दाब झेलायचा म्हणजे इंजिन जाडजूड, मजबूत बनवावं लागतं. म्हणून डिझेल गाडी महाग असते तीही यामुळेच. फायदा आणि खर्च, दोन्ही एकाच गोष्टीतून येतात.

१८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १८९३ मध्ये ते मिळालं. आउग्सबुर्गचा यंत्रकारखाना, म्हणजे आजच्या मान कंपनीचा पूर्वज, आणि क्रुप या दोन बड्या कंपन्या पैसे लावायला तयार झाल्या.

ऑगस्ट १८९३ मध्ये पहिली चाचणी झाली. तेल पेटलं खरं, पण दाब इतका वाढला की तो मोजायचं उपकरणच फुटलं. डिझेल थोडक्यात बचावला. त्याला मात्र आनंद झाला, कारण ठिणगीशिवाय तेल पेटतं हे सिद्ध झालं होतं. पुढे १७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन स्वतःच्या ताकदीवर चाललं. किती वेळ? साधारण एक मिनिट.

त्यानंतर आणखी तीन वर्षं गेली. बरोबर त्याच तारखेला, १७ फेब्रुवारी १८९७ ला, प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. तेलातल्या ऊर्जेपैकी २६.२ टक्के ऊर्जा कामात उतरली होती. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त. जगभर बोलबाला झाला.

पैसा आला, पण...

अमेरिकेतला बिअरचा बडा उद्योजक अडॉल्फस बुश याने तिथले हक्क तब्बल दहा लाख मार्कांना विकत घेतले. इतर देशांतूनही पैसा आला. डिझेल चाळिशीच्या आतच करोडपती झाला. म्युनिकमध्ये आलिशान बंगला बांधला.

१८९८ मध्ये एक इंजिन केम्प्टन गावच्या कारखान्यात बसलं. तिथे काय बनायचं माहितीये? काडेपेट्या! ठिणगीशिवाय चालणारं इंजिन थेट काडेपेटीवाल्यांकडेच गेलं.

पण सुरुवातीची इंजिनं सारखी बिघडायची. गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाढल्या. पेटंटवरून कोर्टबाजी सुरू झाली, कल्पना मुळात त्याची नाहीच असे आरोप झाले. त्याची तब्येत ढासळली, मानसिक ताणामुळे उपचारासाठी दाखल व्हावं लागलं. जमिनीचे आणि तेलाच्या विहिरींचे सौदे केले, त्यात मोठा तोटा झाला. इंजिनात तेलाचा थेंब न् थेंब मोजणारा माणूस घरच्या पैशाच्या बाबतीत मात्र गाफील राहिला.

आणि मूळ स्वप्न? तेही हातातून निसटलं. १८९७ चं ते इंजिन तीन मीटर उंच, साडेचार टन वजनाचं होतं आणि ताकद जेमतेम १८ हॉर्सपॉवर. तेल आत सोडायला दाबलेली हवा लागायची, त्यासाठी कॉम्प्रेसर वेगळा. असं धूड सुताराच्या दुकानात कसं मावणार? ते गेलं वीजघरांत, मोठ्या कारखान्यांत, जहाजांत. १९१२ मध्ये डेन्मार्कचं सेलँडिया हे जहाज डिझेलवर बँकॉकच्या सफरीला निघालं. नौदलांनी पाणबुड्यांत ही इंजिनं बसवली. छोट्या माणसासाठी निघालेली वस्तू बड्यांच्याच हाती लागली.

१९०३ मध्ये त्याने एक पुस्तक लिहिलं. यंत्रावर नव्हे, समाजावर. कामगारांनी थोडे थोडे पैसे एकत्र करून आपलेच कारखाने उभारावेत, असा विचार त्यात मांडला होता. पुस्तकाच्या प्रती छापल्या दहा हजार, खपल्या काही शे. इंजिनापेक्षा हे काम मोठं आहे असं त्याला स्वतःला वाटायचं. लोकांना काही ते पटलं नाही.

जहाजावरची ती रात्र

२९ सप्टेंबर १९१३. डिझेल अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या जहाजात बसला. इंग्लंडमध्ये कंपनीची बैठक होती. रात्रीचं जेवण झालं, दहाच्या सुमारास तो केबिनकडे गेला. सकाळी सव्वासहाला उठवा असं सांगून ठेवलं होतं.

सकाळी केबिन रिकामी. पलंगावर कोणी झोपल्याची खूण नाही. डेकवर कठड्यापाशी टोपी आणि घडी घातलेला ओव्हरकोट सापडला.

साधारण दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. अवस्था इतकी वाईट होती की खिशातल्या वस्तू काढून घेऊन तो परत समुद्रात सोडण्यात आला. त्या वस्तू मुलाने, ऑयगेनने, ओळखल्या. वय होतं अवघं ५५.

प्रवासाला निघण्याआधी त्याने बायकोकडे एक बॅग दिली होती, आठवड्याने उघड म्हणून. त्यात रोख रक्कम होती आणि खाती जवळपास रिकामी झाल्याची कागदपत्रं होती. डायरीत २९ सप्टेंबरच्या पानावर फुलीची खूण होती. आत्महत्या, असं बहुतेकांचं मत. पाणबुडीचं गुपित इंग्रजांना मिळू नये म्हणून जर्मन हेरांनी मारलं, तेलसम्राटांनी काटा काढला, अशाही चर्चा झाल्या. पुरावा कशाचाच मिळाला नाही.

मग इंजिन छोटं कुणी केलं?

ते काम त्याच्यामागे इतरांनी केलं. १९२३-२४ च्या सुमारास जर्मनीत डिझेलचे ट्रक आले. १९२७ मध्ये बॉशने तेल सोडणाऱ्या पंपाचं उत्पादन सुरू केलं आणि तो अवजड कॉम्प्रेसर कायमचा गेला. १९३६ मध्ये मर्सिडीझने डिझेलची कार आणली.

आपल्याकडे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि विहिरीवरचं ऑइल इंजिन शेतकऱ्याच्या ओळखीचं झालं. मग २००५ मध्ये टाटा एस आली, आपला छोटा हाथी. तिचं दोन सिलेंडरचं डिझेल इंजिन होतं १६ हॉर्सपॉवरचं. म्हणजे जवळपास १८९७ च्या त्या साडेचार टनी धुडाएवढीच ताकद, आणि इथे अख्ख्या रिकाम्या गाडीचं वजन टनापेक्षा कमी. भाजीवाला, पाण्याच्या जारवाला, मंडपवाला, सगळ्यांच्या दारात ती उभी राहिली. डिझेलला जे हवं होतं ते असं १०८ वर्षांनी झालं.

आता प्रश्न तुमच्या पिकअपचा

डिझेलचं तंत्र एका वाक्यात सांगायचं तर खर्च केलेल्या तेलातून काम किती निघालं ते मोजा. गाडी घेतानाही तेच लागू होतं.

रोज भरलेला लोड, लांबचं रनिंग आणि घाट असेल तर डिझेल अजूनही भारी. कमी आरपीएमला मिळणारी ओढ तिथे कामी येते आणि जास्तीची किंमत रनिंगमधून वसूल होते.

पण गावातल्या गावात चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर जरा थांबा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी सलग पळून तापली तरच त्यातली काजळी जळते. सततच्या छोट्या फेऱ्यांत तो तुंबतो आणि खर्च वाढतो. अशा कामाला सीएनजी किंवा इलेक्ट्रिक पाहायला हरकत नाही. फक्त पंप किंवा चार्जिंग जवळ आहे ना आणि लागणारा लोड ती गाडी ओढते ना, हे आधी बघा.

आणि शेवटचं. गाडी कितीही चांगली असली तरी महिन्याच्या भाड्यातून तेल, मेंटेनन्स, इन्शुरन्स आणि हप्ता जाऊन हातात काय उरतं, हे सही करण्याआधी कागदावर मांडा. जगातलं सगळ्यात काटकसरी इंजिन बनवणाऱ्या माणसाकडून नेमका हाच कागद मांडायचा राहून गेला होता.