किटलीच्या झाकणापलीकडचा वॅट

किटलीचे झाकण थरथरताना पाहून एका मुलाला वाफेच्या इंजिनाची कल्पना सुचली, ही कथा आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. कथा गोड खरी. परंतु जेम्स वॅटच्या आयुष्याला ती न्याय देत नाही.

वॅट १७३६ साली स्कॉटलंडमधील ग्रीनॉक येथे जन्मला. त्याच्या जन्मापूर्वीच, १७१२ पासून, न्यूकोमेनचे बाष्पयंत्र खाणींतील पाणी उपसत होते. ग्लासगो विद्यापीठात उपकरणे बनविणाऱ्या वॅटकडे १७६३ च्या सुमारास त्या यंत्राची एक प्रतिकृती दुरुस्तीस आली. प्रत्येक ठोक्यास सिलिंडर थंड पाण्याने निववावा लागे आणि तो पुन्हा तापविण्यातच बहुतेक वाफ खर्ची पडे, हे त्याने प्रयोगाने ताडले. १७६५ मध्ये उपाय सापडला: वाफ निवविण्यासाठी स्वतंत्र पात्र ठेवावे आणि सिलिंडर सदैव तप्त राहू द्यावा.

कल्पना सुचली, पण यंत्र उद्योगात रुजू होण्यास आणखी अकरा वर्षे लागली. भांडवल पुरविणारा रोबक बुडाला. वॅटला पोटासाठी कालव्यांची मोजणी करावी लागली. १७७३ मध्ये पत्नी निवर्तली. पुढे बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन पाठीशी उभा राहिला, जॉन विल्किन्सनच्या यंत्राने सिलिंडर अचूक कोरून दिला, तेव्हा कोठे १७७६ मध्ये हे इंजिन कामास लागले.

या यशाला दुसरी बाजूही आहे. पार्लमेंटने १७७५ मध्ये पेटंटची मुदत १८०० पर्यंत वाढविली. वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा खाणमालकांकडून वसूल होई. प्रतिस्पर्ध्यांना कोर्टात खेचण्यात आले, आणि अधिक दाबाच्या वाफेला वॅटचा विरोधच राहिला. मुदत संपल्यावर ट्रेव्हिथिकने तीच वाट धरून १८०४ मध्ये रुळांवर इंजिन चालविले. ज्या संरक्षणाने संशोधकाला तारले, त्यानेच इतरांची वाट अडविली.

वॅट १८१९ मध्ये वारला. त्याची माळ्यावरची कार्यशाळा १९२४ मध्ये हत्यारांसकट लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये हलविण्यात आली. बर्मिंगहॅमच्या थिंकटँक संग्रहालयात त्याचे १७७९ चे इंजिन आहे. तेथे किटली नव्हे, तर हत्यारे आणि ओतीव लोखंड बोलते. शोध हा क्षणाचा चमत्कार नसतो. दुरुस्तीचे चिकाटीचे काम, कारागिराचा हात, सावकाराचा धीर आणि कायद्याची चौकट यांतून तो घडतो. विद्यार्थ्यांना किटलीची गोष्ट अवश्य सांगावी. मात्र ती तेथेच संपवू नये.